चाचण्या वाढवून भागत का नाही

पुरेशा चाचण्या घेतल्या तर ऑपरेटिंग सिस्टिममध्ये दोष राहणारच नाहीत, असे मत अनेकदा मांडले जाते; त्याच्याशी मी सहमत नाही. हिंजवडीत लिनक्स कर्नलवर, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर, काम करताना प्रकर्षाने जाणवते ते असे की, दोष दुरुस्त करण्यापेक्षा तो पुन्हा घडवून आणणे अधिक कठीण असते. प्रोसेसरचे अनेक कोर एकाच मेमरीवर काम करतात, हार्डवेअरचे इंटरप्ट (चालू काम थांबवणारे संकेत) केव्हाही येतात आणि या साऱ्यांचा विशिष्ट क्रम जुळला तरच दोष प्रकट होतो. शोधासाठी कोडमध्ये संदेश छापणारी प्रिंटची एक ओळ घातली तरी वेळेचे गणित बदलून तो दिसेनासा होऊ शकतो.

लिनक्स कर्नलमधील ‘डर्टी काऊ’ हा सुरक्षेचा दोष याचे ठळक उदाहरण आहे. दोन थ्रेडची (एकाच वेळी चालणाऱ्या कामांची) शर्यत जुळवून आणली की, केवळ वाचण्याची परवानगी असलेल्या फाइलमध्येही लिहिता येत असे. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्येच तो दुरुस्त करण्याचा प्रयत्न केला होता, परंतु आयबीएमच्या मेनफ्रेम संगणकांच्या एस३९० या रचनेवर अडचणी आल्याने तो बदल मागे घेतला गेला, आणि कर्नलचा स्रोत (मूळ कोड) सर्वांना खुला असूनही पक्की दुरुस्ती २०१६ मध्ये झाली. इतक्या जाणत्या नजरांखालून तो सुटला, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

शिवाय ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारे प्रोग्रॅम, बहुतांशी कर्नलच्याच मेमरीत चालतात, त्यामुळे एकाने चुकीच्या जागी लिहिले की कोसळतो भलताच भाग, तोही कितीतरी वेळाने. असे लेखन जागीच पकडणारे केसान (KASAN) हे कर्नलमधील तपासणीचे साधन अत्यंत मोलाचे आहे. मात्र ते मेमरी आणि वेग दोन्ही खात असल्याने ग्राहकाच्या चालू सर्व्हरवर सहसा लावता येत नाही, आणि दोष अनेकदा नेमका तिथेच दिसतो.