घाटातली गाडी आणि ब्रेक पॅड: कसे तपासता, किती टिकतात?

रानवाट

गेल्या महिन्यात आईबाबांना घेऊन महाबळेश्वरहून केळघर घाटाने साताऱ्याला परतत होते. गाडीत पाच माणसं आणि डिकीत स्ट्रॉबेरीच्या पेट्या. निम्मा घाट उतरल्यावर जळका वास यायला लागला. वाटलं, पुढच्या ट्रकचा असेल. दोन वळणं गेली आणि पेडल नेहमीपेक्षा खाली गेलं. ब्रेक अगदीच गेला नव्हता, पण पायाखाली कापूस दाबल्यासारखं मऊ लागत होतं. दुसरा गिअर टाकला, वेग पडू दिला आणि डोंगराच्या बाजूला गाडी उभी केली. अर्धा तास थांबलो. बाबा काही बोलले नाहीत, पण दाराच्या वरचं हँडल त्यांनी सोडलं नव्हतं.

मेढ्यात चाक खोललं. चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला, म्हणजे लोखंडी चकतीला, दोन्ही बाजूंनी दाबून गाडी थांबवतात ते पॅड. पुढच्या डाव्या चाकाचा बाहेरचा पॅड ५ मिलिमीटर होता, आतला जेमतेम १. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी मोबाइलच्या उजेडात चाकाच्या फटीतून पॅड बघितले होते आणि समाधानाने झोपले होते. बघितला तो फक्त बाहेरचा होता. दीड महिन्यापूर्वी सर्व्हिसिंग झालं, त्या बिलावर ‘ब्रेक तपासले’ अशी ओळसुद्धा आहे. गॅरेजचं नाव लिहीत नाही. पण चाक न खोलता ब्रेक तपासले असं कुणी कसं लिहू शकतं?

आपल्याकडे घाट कुणाला चुकत नाही. कासला जायचं तर यवतेश्वर, पाचगणीला पसरणी, चिपळूणला कुंभार्ली, पोलादपूरला आंबेनळी. म्हणून विचारते: तुमचे पॅड किती किलोमीटर चालतात, कसे तपासता आणि घाट कसा उतरता? स्वतःवर आलेलं असेल ते लिहा.

पसरणीचा_चालक

ताई, थांबलात हे फार चांगलं केलंत. निम्मी माणसं तशीच रेटतात.

मी वाई-पाचगणी टॅक्सी चालवतो, दिवसाला तीन-चार खेपा. वडीलही याच घाटात चालवायचे. त्यांनी पहिल्या दिवशी एकच सांगितलं होतं: ज्या गिअरमध्ये चढलास, त्याच गिअरमध्ये उतर. पसरणीत मी दुसऱ्या गिअरमध्ये उतरतो, मोकळा रस्ता असला तर तिसरा. गाडी इंजिनावर धरलेली असते. वळणाच्या आधी ब्रेक नीट दाबायचा, वेग हवा तेवढा पडला की पाय पूर्ण उचलायचा. पेडलवर नुसता पाय ठेवून उतरणारा माणूस मागनं लगेच ओळखू येतो, त्याचा लाल दिवा विझतच नाही. पॅडला थंड व्हायला मधे वेळच मिळत नाही.

माझे पुढचे पॅड २५ हजार किलोमीटरच्या आसपास संपतात. त्याच मॉडेलची गाडी माझा मेव्हणा चालवायचा, त्याचे १४ हजारांत संपले. तो न्यूट्रलमध्ये उतरवायचा, डिझेल वाचतं म्हणून. तसं काही वाचत नाही. आताच्या गाड्यांत गिअरमध्ये पाय उचलला की इंजिनाला डिझेल जाणंच बंद होतं. आणि उतारावर इंजिन बंद केलं तर आणखी वाईट. दोन-तीनदा दाबल्यावर पेडल दगडासारखं कडक होतं, कारण ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत इंजिनाकडनंच येते.

तास_तिसरा

पसरणीच्या दादांच्या म्हणण्याला थोडं गणित जोडतो, शाळेत शिकवतो म्हणून. वाईपेक्षा पाचगणी साधारण ६०० मीटर उंच आहे. माणसांसह १,३०० किलोची गाडी तेवढी खाली आली की सुमारे ७६ लाख जूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्या उष्णतेत २५ अंशांचं सुमारे २४ लिटर पाणी उकळीला येतं. सगळा भार ब्रेकवर टाकला तर त्यातली बहुतेक उष्णता पुढच्या दोन डिस्कवर येते. इंजिन, हवा आणि टायर यांनी आपला वाटा उचलला तरच पॅडचं काम सोपं होतं. मुलांना हे उदाहरण दिलं की त्या दिवशी घरी जाऊन वडिलांना गिअर विचारतात.

पाना_आणि_जॅक

कोरेगाव रस्त्याला माझं छोटं गॅरेज आहे. रानवाट, तुमच्या गाडीत काय झालं ते जवळजवळ नक्की सांगता येतं.

पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग म्हणजे कॅलिपर. बहुतेक गाड्यांच्या पुढच्या कॅलिपरमध्ये पिस्टन, म्हणजे ब्रेक ऑइलच्या दाबाने पुढे सरकणारा दट्ट्या, फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच जोरावर कॅलिपरचं सगळं अंग दोन पिनांवरून सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतं. पिना मोकळ्या हलल्या तर दोन्ही पॅड सारखे झिजतात. पिनांवरचं रबर फाटलं, पाणी शिरलं, गंज धरला की कॅलिपर सरकत नाही. मग आतला पॅड एकटाच राबतो आणि ब्रेक सोडला तरी डिस्कला चिकटून राहतो. चार किलोमीटर चालवून आल्यावर एकच चाक जास्त तापलेलं लागलं तर हाच संशय घ्या. हात डिस्कला लावू नका, नुसता चाकाजवळ न्या, आच लागते.

माझ्याकडे वीस गाड्या आल्या तर चार-पाच तरी या पिनांच्या असतात. पॅड नवे टाकून पिना तशाच ठेवल्या तर सहा महिन्यांत माणूस परत येतो आणि पॅडच्या कंपनीला नावं ठेवतो. पिना काढायच्या, पॉलिश पेपरने पुसायच्या, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावायचं. बेअरिंगचं ग्रीस लावणारेही आहेत. त्याने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते, म्हणून ते लावू देऊ नका.

मापाचं म्हणाल तर नव्या पॅडचं लायनिंग, म्हणजे झिजणारा थर, १० ते १२ मिलिमीटर असतं. ३ वर आलं की बदलायचं. मोजताना मागची लोखंडी पट्टी धरू नका, ती पाचेक मिलिमीटरची असते आणि ती धरूनच लोक फसतात. आतला पॅड बघायला चाक काढून कॅलिपरच्या वरच्या खिडकीतून बघा. चाक काढलेल्या गाडीखाली नुसत्या जॅकच्या भरवशावर हात घालू नका. काढलेलं चाक आडवं करून गाडीखाली सरकवा. वेगळा खर्चही करायला नको: दर १० हजारांला टायर अदलाबदल करता ना, तेव्हा चारही चाकं निघालेलीच असतात. समोर उभे राहा आणि चारही पॅड दाखवा म्हणा.

काही पॅडना एक पत्र्याची जीभ असते. लायनिंग दोन-तीन मिलिमीटर उरलं की ती डिस्कला लागून चिरका आवाज करते. स्वस्त पॅडना ती नसते, तुमच्याही नसावी.

कोयनाकाठ

पाटण तालुक्यातून लिहितोय. डॅशबोर्डवर ब्रेकचा लाल दिवा मधूनमधून लागायचा, वळणावर जास्त. बॉनेटखालच्या डबीत ब्रेक ऑइल कमी दिसलं, भर घातली, दिवा गेला. मी निश्चिंत. तीन महिन्यांनी खर्रर्र आवाज. पॅडचं लायनिंग संपून लोखंड डिस्कवर घासत होतं. दोन्ही डिस्कला नखात अडकतील असे चर पडले होते आणि घासून सरळ करायला जाडी उरली नव्हती. पॅड वेळेत बदलले असते तर जो खर्च आला असता, त्याच्या तिप्पट गेले.

पाना_आणि_जॅक

@कोयनाकाठ, हे सगळ्यांनी वाचावं. पॅड झिजले की पिस्टन पुढे येतो, त्याच्या मागची जागा ऑइलने भरते आणि डबीतली पातळी खाली जाते. म्हणजे ती पातळीच तुम्हाला पॅडची खबर देत असते. आधी पॅड बघायचे, गळती बघायची, मगच बाटली उघडायची.

आणि ऑइल दोन वर्षांनी पूर्ण बदला, कितीही कमी चाललेली गाडी असो. ते हवेतला ओलावा ओढतं. नव्या डॉट ४ प्रकारच्या ब्रेक ऑइलला उकळायला निदान २३० अंश लागतात, पाणी मुरलेलं असेल तर १५५ च्या आसपासच उकळू शकतं. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल मऊ लागतं. रानवाट, तुमचं ऑइल किती जुनं होतं?

रानवाट

गाडी घेतल्यापासूनचं, दादा. पाच वर्षं.

विजेवर_चालते

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांसाठी. ४१ हजार झाले, पुढचे पॅड अजून ८ मिलिमीटर आहेत, कारण पाय उचलला की मोटरच गाडी धरते आणि वीज बॅटरीत परत पाठवते. पण महाबळेश्वरला हॉटेलवर रात्रभर लावून बॅटरी १०० टक्के केली आणि सकाळी उतरायला लागलो, तर मोटरची पकडच नाही! भरलेल्या बॅटरीत परत येणारी वीज जाणार कुठे? पाचगणीपर्यंत ब्रेकवरच आलो आणि सवय नसल्याने घाबरलो. आता वर मुक्काम असेल तर ८० टक्क्यांवर थांबवतो. दुसरं म्हणजे ब्रेक कमी वापरला जातो, त्यामुळे पावसाळ्यात डिस्कवर गंज चढतो. रिकामा सरळ रस्ता बघून, मागे कुणी नाही याची खात्री करून, आठवड्यातून चार-पाचदा जरा जोराने ब्रेक मारतो.

उसाची_वाट

आमच्या कराड भागात गळीत हंगाम सुरू झाला की रस्त्यावर माती, पाचट आणि ट्रॉल्या. दर पन्नास पावलांना ब्रेक. तरी माझे पॅड ४० हजार गेले, कारण ट्रॉलीच्या मागे चिकटत नाही. अंतर ठेवलं की नुसता पाय उचलून भागतं.

हँडब्रेकचं मात्र चुकलं होतं. जुलैत भिजलेली गाडी हँडब्रेक ओढून चार दिवस उभी केली, मागच्या चाकांतले ब्रेक शू (ड्रम ब्रेकमधले पॅडच म्हणा) ड्रमला चिकटले. आता अंगणात गिअरमध्ये ठेवतो आणि चाकाला दगड लावतो.

यवतेश्वर_पायथा

एक विनंती. घाट उतरून आल्या आल्या गाडी धुवायला लावू नका. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं की ती वाकू शकते. माझ्या गाडीचं स्टिअरिंग ब्रेक लावला की थरथरायला लागलं, ते अशाच एका संध्याकाळनंतर.

रानवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. नवे पॅड टाकून ३०० किलोमीटर झाले, तोवर जोराचे ब्रेक टाळले, घाटही टाळला. ऑइल बदललं, पिना बदलल्या. डाव्या बाजूची एक पिन हातोडीने ठोकून काढावी लागली. ती मी मागून घेतली, घरी ठेवली आहे.

काल रविवारी अंगणात चाक काढलं. बाबांनी बॅटरी धरली, मी पट्टी लावली. डावा आतला १०, बाहेरचा १०. उजवीकडेही तेच. बाबांनी आकडे तारखेसह सर्व्हिसच्या वहीत लिहिले. पुढची नोंद १० हजारांनी. तेव्हा तेच चाकापाशी उभे राहणार म्हणतात.