उभ्या गाडीचं इंजिन तापतं? सोलापूरकरांनो, तुमचे अनुभव सांगा

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं ४२-४३ डिग्री ऊन असतं, त्यात गाडी सात रस्त्याच्या सिग्नलला उभी राहिली की टेंपरेचरचा काटा वर चढायचा आणि होटगी रोडला लागून जरा पळाली की परत जाग्यावर यायचा. मागच्या उन्हाळ्यात महिनाभर हेच चाललं होतं. पहिल्या गॅरेजवाल्यानं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरमधलं पाणी) बदललं, फरक नाही. मग थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडं सोडणारा व्हॉल्व्ह) बदलला, तरी तेच. तिसऱ्या वेळी म्हणाला हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याच्या खालचं सील) गेलंय, इंजिन खोलावं लागेल, खर्चाचा आकडा ऐकून मी गाडी तशीच घरी आणली. शेजारचे काका पूर्वी एसटीच्या वर्कशॉपला होते, त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, एसी चालू करायला सांगितलं, कारण एसी लावला की रेडिएटरचा पंखा फिरायलाच पाहिजे, आणि म्हणाले, "पंखा बघ की आधी." पंखा हलतच नव्हता! बॅटरीवरून डायरेक्ट वायर दिली तरी नाही, मग त्यांनी लाकडी दांड्यानं मोटरवर हलकं ठोकलं तसा फिरायला लागला, म्हणजे आतले कार्बन ब्रश झिजलेले. फॅन मोटर नवीन टाकली आणि त्या दिवसापासून काटा अर्ध्याच्या वर गेला नाही.

गाडी पळते तेव्हा समोरून हवा लागते म्हणून रेडिएटर आपोआप थंड होतो, उभी असताना ती हवा फक्त पंखाच ओढतो. एवढी साधी गोष्ट मला कुणी पहिल्यांदा सांगितली असती तर माझे एवढे पैसे वाचले असते, म्हणून हा धागा काढलाय. तुमच्या गाडीत काय निघालं ते सविस्तर लिहा. आणि एक, पंखा तपासताना बोटं लांब ठेवा, इंजिन बंद असलं तरी तो अचानक चालू होऊ शकतो.

*

माझ्या गाडीत मोटर चांगली होती, रिले (पंख्याला करंट सोडणारा छोटा स्विच) गेला होता. बाबांना घेऊन अक्कलकोटला गेले होते, गुरुवार असल्यामुळं पार्किंगच्या रांगेत गाडी अर्धा तास इंच इंच पुढं सरकत होती आणि काटा लाल पट्टीच्या जवळ. मी एसी बंद करून हीटर फुल केला, मे महिन्यात! बाबा घामानं भिजले पण काटा खाली आला, कारण हीटरची जाळी म्हणजे आतला छोटा रेडिएटरच आहे. ब्लोअर फुल पाहिजे, नाहीतर उपयोग नाही. नंतर फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचं चित्र बघून फॅनचा रिले शोधला, शेजारी हॉर्नचा त्याच नंबरचा रिले होता, दोघांची अदलाबदल केली तर पंखा सुरू आणि हॉर्न बंद. निदान तिथंच झालं. नंबर जुळतोय का बघूनच अदलाबदल करा, सगळे रिले सारखे नसतात.

*

आमचं वेगळंच. गाडी रोज अक्कलकोट रोड एमआयडीसीत कारखान्यासमोर उभी असते, टॉवेलचे माग चालतात, सुताचा बारीक कापूस दिवसभर उडत असतो. पंखा जोरात फिरायचा, कूलंट भरलेलं, तरी सिग्नलला गरमच. शेवटी एकानं पुढचं बंपर काढलं तर एसीचा कंडेन्सर आणि मागचा रेडिएटर ह्यांच्या मधल्या फटीत कापूस आणि धूळ मिळून गोधडीसारखा थर बसलेला, हवा जाणार कुठून. समोरून जाळी स्वच्छ दिसते म्हणून कुणाच्या लक्षातच येत नाही. इंजिनच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला हलक्या धारेनं पाणी मारायचं, सर्व्हिस सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारला तर बारीक पत्र्या वाकतात आणि वाट कायमची बंद होते. मी आता दर उन्हाळ्याच्या आधी हे करून घेतो.

आणि कृपा करून बोअरचं पाणी टाकू नका. आपल्या भागातल्या बोअरच्या पाण्यात किती क्षार असतात ते घरातल्या नळाच्या तोटीकडं बघून कळतं, तोच पांढरा थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, अर्धं-अर्धं.

*

जुन्या डिझेल जीपवाल्यांसाठी सांगतो, आमच्या पंख्याला मोटर नसते, तो इंजिनवरच फिरतो आणि मधे व्हिस्कस कपलिंग असतं, म्हणजे इंजिन तापलं की आतल्या घट्ट तेलामुळं पंख्याला जोरात फिरवणारा जोड. ते आतून गळलं की पंखा फिरताना दिसतो पण हवा ओढत नाही, म्हणून माणूस फसतो. आषाढीला पंढरपूरच्या गर्दीत पॅसेंजर भरून पहिल्या गिअरवर चाललो होतो तेव्हा मला हे कळलं. गाडी तापलेली असताना इंजिन बंद करून, चावी काढून, पंखा हातानं फिरवून बघा. जड लागला पाहिजे. गरागरा फिरला तर कपलिंग गेलं.

*

हेड गॅस्केट खरंच गेलेलं माझं उदाहरण पण लिहितो. सुरुवात साध्या झाकणापासून झाली. रेडिएटरच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, ते बारमधलं प्रेशर, तेवढं धरलं की पाणी १०० ऐवजी १२०च्या आसपास उकळतं. माझ्या झाकणाचं रबर कडक झालेलं, प्रेशर धरायचं नाही, कूलंट हळूहळू कमी व्हायचं आणि मी वरून पाणी ओतत राहिलो. एकदा मोहोळपासून घाई होती म्हणून काटा लाल असताना तशीच गाडी ओढली. हेड वाकलं. मग लक्षणं अशी: कूलंटच्या बाटलीत सतत बुडबुडे, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, ऑइलच्या झाकणाखाली दुधी साय. गॅरेजवाल्यानं बाटलीच्या तोंडाशी निळ्या द्रावाची टेस्ट लावली, ते पिवळं पडलं, म्हणजे सिलिंडरचा गॅस पाण्यात येत होता. हेड काढून मशीनवर घासून सपाट केलं, नवीन गॅस्केट, आठ दिवस गाडी बंद. कुणी हेड खोलायला सांगितलं तर आधी ही टेस्ट करायला लावा. आणि तापलेल्या गाडीचं झाकण कधी उघडू नका, माझ्या मनगटावर अजून डाग आहे.

*

वरचं वाचून काल संध्याकाळी घरासमोर करून बघितलं. कूलंट बदलल्यापासूनच माझी गाडी उभी राहिली की तापायली होती आणि हीटरमधून गार हवा यायची. पंखा ठीक, जाळी स्वच्छ. मग पाईपात हवा अडकली असेल असं वाटलं. इंजिन गार असताना पुढची चाकं चढावर घेऊन तोंड वर केलं, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून गाडी चालू केली, हीटर फुल, रेडिएटरचा वरचा रबरी पाईप दाबत राहिलो, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत पाऊण लिटर कूलंट आणखी बसलं. नंतर झाकण लावून इंजिनचं टेंपरेचर आकड्यात दाखवणारा स्कॅनर जोडला, एसी बंद ठेवून वीस मिनिटं उभी ठेवली, ९७ डिग्रीला पंखा लागला, ९२ला बंद झाला, परत ९७ला लागला.