दोघांनी फिरायला गेल्यावर खायचं कुठे? (भांडण वगळून उत्तरं द्या)

खिडकीजवळची_जागा

मंडळी, प्रश्न घरगुती आहे, हसू नका.

मी आणि नवरा पुढच्या महिन्यात तीन दिवस एका मोठ्या शहरात चाललोय. दोघांनाही नवीन. बघायच्या जागांची यादी केलेली नाही. नुसतं हिंडायचं, कॅफेत बसायचं, तिथली माणसं जेवतात तिथे जेवायचं. ऐकायला किती छान!

मागच्या वर्षी असंच ठरवून गेलो होतो. नवऱ्याने फोनच्या नकाशावर ४६ ठिकाणी खुणा केल्या होत्या, सगळी साडेचार ताऱ्यांच्या वरची. माझी पद्धत उलटी. मी दारातून डोकावते, वास घेते, आत कोण बसलंय बघते. दुसऱ्या दिवशी त्याच्या पहिल्या खुणेवर तासाभराची रांग. दुसरीकडे पोहोचलो तर खुर्च्या टेबलांवर पालथ्या आणि एक मुलगा फरशी पुसतोय, 'किचन बंद' म्हणाला. तिसरं मी सुचवलं, ते त्याला कळकट वाटलं. चौथं त्याने सुचवलं, तिथे एकही गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मी पायरीही चढले नाही. दुपारी सव्वातीनला आम्ही एका बाकावर बसून दुकानातला बिस्किटांचा पुडा खाल्ला. एकमेकांशी न बोलता. हातात बिस्कीट आणि असा चेहरा असलेला माझा फोटो त्याच्या फोनमध्ये अजून आहे, अधूनमधून दाखवतो.

मुळात आमची भुकेची घड्याळंच वेगळी. मी आठला उठते ती भुकेली, एकच्या पुढे माझ्यात माणुसकी उरत नाही. तो साडेदहाला भरपेट खाऊन दुपारी तीनपर्यंत आरामात. शिवाय प्रत्येक कॅफेत कॉफी घेतो आणि रात्री दोनपर्यंत छताकडे बघत पडतो. पडतो ते पडतो, मलाही उठवतो.

तर छोटं पण चांगलं ठिकाण बाहेरून ओळखायचं कसं? आणि शेवटचा शब्द कुणाचा? हो, त्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. साधी नाही, घसा सुजतो.

उलथनं

ताई, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटी 'हो' म्हणून लिहिलीत. मी ११ वर्षं हॉटेलांच्या किचनमध्ये काढली आहेत. तुमच्या नवऱ्याला ते ठिकाण कळकट वाटलं नसणार, त्याला भीती वाटली असणार. अनोळखी कढईत आधी काय तळलं हे त्याला माहीत नाही, आणि बायकोसमोर दर वेळी तेच रडगाणं लावायचा कंटाळा येतो. म्हणून ४६ खुणा.

त्याच्यासाठी एक कार्ड करा. त्या शहरात जी भाषा बोलतात त्या भाषेत, मोठ्या अक्षरात: शेंगदाण्याने जिवाला धोका आहे; तेल, चटणी, वाटण, सॉस, वरून भुरभुरलेलं काहीही चालणार नाही; त्याच तेलात तळलेलंही नाही. भाषा येणाऱ्या माणसाकडून एकदा तपासून घ्या. तळल्याने किंवा भाजल्याने शेंगदाण्यातला अ‍ॅलर्जीचा घटक मरत नाही, त्यामुळे 'कडकडीत तळलंय, काही होत नाही' असं कुणी म्हणालं तर उठायचं. कार्ड वेटरला दाखवून थांबू नका, आत स्वयंपाक करणाऱ्यापर्यंत जाऊ द्या. तो वाचून नुसती मान डोलावतो की एखाद्या भांड्याकडे बघून 'हे नको' म्हणतो, हे बघा. दुसरा माणूस भरवशाचा. डॉक्टरांनी अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन दिलं असेल तर ते खिशात हवं. हॉटेलच्या खोलीतल्या बॅगेत असून नसल्यासारखंच. ते कसं टोचायचं हे तुम्हालाही यायला हवं. त्रास सुरू झाला तर टोचायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा, साध्या अ‍ॅलर्जीच्या गोळीने ते काम होत नाही.

आता वेळ. बहुतेक ठिकाणी दुपारचं आणि रात्रीचं जेवण यांच्या मध्ये किचन थंड असतं. त्याच वेळेत संध्याकाळची तयारी होते, आम्ही जेवतो, कुणी पोत्यावर आडवा होतो. सव्वातीनला तुम्हाला पालथ्या खुर्च्याच दिसणार. दुपारचं जेवण उघडल्या उघडल्या गाठा. तेल ताजं असण्याची शक्यता जास्त, पातेली नुकतीच उतरलेली, आणि गर्दी व्हायच्या आत गेलात तर तुमचं कार्ड वाचायला आचाऱ्याला वेळ असतो. ऐन गर्दीत मीसुद्धा नुसती मान डोलावली आहे, खोटं कशाला बोलू. नवऱ्याला त्या दिवशी सकाळी थोडंच खायला लावा, म्हणजे साडेबाराला तोही तयार.

बाहेरून ओळखायचं तर माझं लक्ष आधी यादीवर जातं. छोटीशी जागा, एक शेगडी आणि फळ्यावर ८० पदार्थ, म्हणजे बरंचसं फ्रीजमधून गरम होऊन येतंय. सहा-सात पदार्थ आणि त्यातले दोन खोडलेले, मी आत शिरतो. संपतंय याचा अर्थ रोज नवं होतंय. मग वाफ. शिजवून मांडून ठेवलेलं अन्न ६० अंशांच्या वर तरी हवं नाहीतर ५ च्या खाली. मधल्या कोमट पट्ट्यात जंतू भराभर वाढतात. झाकण उघडल्यावर वाफ येत नसेल तर रांग कितीही मोठी असो, पुढे चला. टेबल पुसायचं फडकं आणि ताटं पुसायचं फडकं एकच आहे का, तेही बघा. एकच असेल तर मी तिथे पाणीसुद्धा पीत नाही.

रिकामं ठिकाण म्हणून नाकारलंत ते मात्र अर्धंच बरोबर. बाराला रिकामं असू शकतं. दीड वाजता शेजारची चारही भरलेली आणि हेच रिकामं असेल तर नको.

आकडेमोड्या

४.८ आणि १९ मतं यापेक्षा ४.४ आणि ३००० मतं मला जास्त भरवशाची वाटतात. १९ तर मालकाचे आतेमामेभाऊच निघतील. सर्वांत नवी मतं आधी लावा, आचारी बदलला की जुनं कौतुक फुकट. आणि तीन तारेवाल्यांचं वाचा. पाचवाले प्रेमात असतात, एकवाल्याचं त्या दिवशी दुसरीकडेच कुठेतरी बिनसलेलं असतं. तीनवाला 'जेवण चांगलं, दुपारी दोननंतर काही उरत नाही' असलं कामाचं लिहितो.

दोन_कप_एक_चमचा

नवरोबांच्या कॉफीबद्दल. निरोगी मोठ्या माणसाला दिवसभरात ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन ठीक धरतात. एका एस्प्रेसोत साधारण ६० ते ८०, मोठा कप फिल्टर कॉफी घेतली तर ९०-१०० सहज. मग चार-पाच कॅफेंत हिशेब संपतो. त्यात शरीरातलं निम्मं कॅफीन जायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे पाचच्या कॉफीतलं निम्मं रात्री दहाला अंगात शिल्लकच. काहींना त्याहूनही वेळ लागतो. आम्ही दोघं दुसऱ्या कॅफेपासून एकच कॉफी आणि एक काहीतरी बिनकॉफीचं घेतो. दोन खुर्च्या अडवायच्या तर दोन गोष्टी मागवाव्यात, छोट्या कॅफेचं पोट त्यावरच चालतं. जेवणाच्या वेळी दारात लोक उभे असताना रिकाम्या कपासमोर बसू नये, हे माझं वैयक्तिक मत. अहो वैतागतात, पण उठतात.

कॅफे पारखायचा माझा एकच मार्ग. दूध तापवायची ती वाफेची नळी बघते. प्रत्येक वेळी ओल्या फडक्याने पुसून वाफेचा एक फुसकारा सोडला तर बसायचं. नळीवर दुधाचा पिवळा थर वाळलेला असेल तर चहा मागवायचा. दूध ६०-६५ अंशांपर्यंत गोड लागतं, ७० च्या वर गेलं की उकळल्याचा वास येतो. जीभ भाजणारी कॉफी म्हणजे चांगली कॉफी नव्हे, हे आमच्या घरात अजून मान्य झालेलं नाही.

गोगलगाय

लग्नाला ३१ वर्षं झाली, म्हणून बोलते. तीन दिवसांत एक जेवण वेगवेगळं जेवा. तुला हवं तिथे तू, त्याला हवं तिथे तो, आणि नंतर कॅफेत भेटून एकमेकांना सांगा काय खाल्लं. आमच्यात तेव्हाच जास्त बोलणं होतं. बाकीच्यांत सकाळी ज्याने ठरवलं त्याने संध्याकाळी गप्प बसायचं. 'तू म्हणशील तिथे' हे वाक्य बंद. आणि पर्समध्ये बिस्किटांचा पुडा ठेव गं, तोंड दाखवायचं राहू दे!

खिडकीजवळची_जागा

परत आले. सगळ्यांना सांगणं भाग आहे.

उलथनं, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचायला दिला. वाचून बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, 'याला कसं कळलं?' नऊ वर्षांत मला कळलं नव्हतं. मला वाटायचं नुसते नखरे आहेत.

कार्ड केलं. पहिल्या ठिकाणी बाईने मान डोलावली, आम्ही उठलो. दुसऱ्या ठिकाणी, पावणेबाराला, आतून एक म्हातारे आचारी कार्ड हातात घेऊन स्वतः बाहेर आले. चष्मा कपाळावर. आम्हाला आत नेलं, पळी घेऊन एकेका पातेल्यावर बोट दाखवल्यासारखी धरली. पहिल्यावर 'नको' म्हणून मान हलवली, दुसऱ्यावरही तसंच, तिसऱ्यावर 'हे चालेल' म्हणून पळी दोनदा आपटली. मग ती पळी बाजूला ठेवून वाढायला धुतलेली दुसरी घेतली. नवरा तिथे दोनदा वाढून घेऊन जेवला. दुसऱ्या दिवशीही तिथेच गेलो, आता सांगा, कसलं नवनवीन हिंडणं! या वेळी नवऱ्याच्या नकाशावर ४६ ऐवजी ९ च खुणा होत्या, त्यातल्या चारच पाहिल्या.

वेगळं जेवण जमलं नाही, गोगलगायताई. मीच नको म्हणाले. इंजेक्शन त्याच्या खिशात, आणि टोचायचं मला शिकवलेलं.

भांडण झालं, पण कॉफीवरून. संध्याकाळी सहाला त्याला 'शेवटची एक' हवी होती.

पुडा न फोडता परत आणला. आतल्या बिस्किटांचा चुरा झालाय.