सहावीला मुलीला जि.प. शाळेतच ठेवू का? पट 21 वर आलाय

अनूची_आई:
नमस्कार. आमचं गाव तालुक्याचं पण छोटंच. मुलगी जि.प. शाळेत सहावीत गेली. सहावी ते आठवी मिळून पट 23 होता, गेल्या आठवड्यात अजून दोघींनी दाखले काढले. तीन वर्गांना एकच गुरुजी, त्यात मधेच बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं काम. परवा खिडकीतून बघितलं, अर्ध्या फळ्यावर सातवीचं गणित, अर्ध्यावर सहावीचा भूगोल आणि आठवीची पोरं आपली आपण वाचत बसलेली. अपूर्णांक घरी मीच घेते. हे म्हणतात इंग्लिश मीडियमला टाकू, बस दारात येते. मी पण याच शाळेत शिकले हो, मन होत नाही. काय करू?

फळा_खडू:
ताई, मी जि.प.मध्येच पदवीधर शिक्षक आहे. 15 मार्च 2024 च्या जीआरनुसार सहावी ते आठवीचा पट 20 च्या खाली गेला की संचमान्यतेत (शाळेला किती शिक्षक द्यायचे ते ठरतं त्यात) त्या गटाला शिक्षकच मंजूर होत नाही. आणि पट धरतात 30 सप्टेंबरचा, तोही आधार व्हॅलिड झालेल्या मुलांचा. नाव किंवा जन्मतारीख जुळली नाही की मूल रोज वर्गात बसतं पण कागदावर नसतं. आधी किती मुलं अडकलीत ते शाळेत विचारा, अजून वेळ आहे.

दोन_मुलांचा_बाप:
मी मोठ्याला सहावीत काढलं होतं. शाळा चकाचक, कॉम्प्युटर वगैरे सगळं, पण विज्ञान एकदम इंग्रजीत आल्यावर पोरगा नुसतं पाठ करायला लागला. फोटोसिंथेसिसची व्याख्या घडाघडा म्हणायचा, झाड अन्न कसं तयार करतं विचारलं की गप्प. आठवीत एनएमएमएसला, म्हणजे केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवायला गेलो तर कळलं विनाअनुदानित शाळेच्या मुलांना बसताच येत नाही. नववी ते बारावी वर्षाला 12 हजार मिळतात त्यात, आमच्यासारख्याला ती रक्कम मोठी आहे. धाकटीला मी हलवलं नाही. पण ताई, तीन वर्ग एका गुरुजींवर हे नुकसानच आहे, नुसत्या मायेपोटी ठेवू नका.

माळावरची_शाळा:
पोरं गेली म्हणून शिक्षक कमी झाले की शिक्षक नव्हते म्हणून पोरं गेली, हे पण बघा ना. आरटीईत (शिक्षण हक्क कायद्यात) सहावी ते आठवीला भाषा, गणित-विज्ञान आणि सामाजिक शास्त्र यांना किमान एकेक शिक्षक हवा असं स्पष्ट लिहिलंय. शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालकच असतात, बैठक लावायला सांगा, ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच घ्या. एकट्या जाऊ नका, चार आया सोबत न्या.

अनूची_आई:
सर्वांचे आभार. फळा_खडू सर, आज शाळेत जाऊन विचारलं, 21 पैकी तिघांचं आधार जुळत नाही, म्हणजे कागदावर 18 च! एकीचं जन्मसाल चुकलंय, दोघांच्या आडनावात घोळ आहे. गुरुजींनी दोनदा निरोप दिला होता पण मजुरी बुडवून कोण जाणार. उद्या मीच तिघांच्या आयांना घेऊन आधार सेंटरला जाते, एकीचा जन्मदाखलाच नाही, तो आधी काढावा लागेल. हे सप्टेंबरपर्यंत थांबायला तयार झालेत. ठरावाचा नमुना कुणाकडे असेल तर टाका प्लीज.