मदत हवी आहे : सरावाला दांडी मारणाऱ्या जोडीदाराचं काय करू?

कॉलेजच्या बेसबॉल संघात मी शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक, म्हणून खेळतो. आमचा सेकंड बेसमन, म्हणजे दुसरा बेस सांभाळणारा, हाताने पक्का, पण सरावाला आठवड्यातून दोनदाच उगवतो. डबल प्लेच्या (एकाच चेंडूवर दोघांना बाद करायच्या) वेळी मी चेंडू फेकतो तेव्हा हा बेसपासून अजून दोन पावलं लांब! फलंदाजाला पहिल्या बेसपर्यंत ९० फूट. चांगला पळणारा ते साधारण चार सेकंदांत कापतो. तेवढ्यात दोन थ्रो बसवायचे, तर रोज घाम गाळायलाच हवा ना? परवा बंटचा (बॅट न फिरवता चेंडू हलकेच टेकवायचा) इशारा असताना गड्याने जोरात बॅट फिरवली. सॅक्रिफाइस बंटने, म्हणजे स्वतः बाद होऊन साथीदाराला पुढच्या बेसवर नेणाऱ्या बंटने, फलंदाजीची सरासरी घसरत नाही, हेही सांगून झालं. कोचकडे जाणं मला चुगली वाटते. असा जोडीदार कुणी वळणावर आणलाय का? नेमकं काय बोललात?