बंद पडलेल्या मनोरंजन उद्यानांचे नेमके काय जपून ठेवावे?

प्रश्न : पंचवटीकर

दिवाळीच्या आवराआवरीत पंचवटीतील आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर पत्र्याचा एक डबा सापडला आणि त्यात मुंबईतील गोराईच्या एस्सेल वर्ल्ड या मनोरंजन उद्यानाला गेलेल्या १९९६ सालच्या शाळेच्या सहलीची दोन छायाचित्रे निघाली. एकात आम्ही मैत्रिणी गोराईच्या खाडीतील होडीत दाटीवाटीने बसलो आहोत आणि माझ्या मनगटावर सरांनी निळ्या शाईने लिहिलेला १७ हा आकडा अजूनही वाचता येतो. दुसऱ्यात मी ‘झिपर डिपर’ या रोलर कोस्टरच्या रांगेत उभी आहे, घाबरलेली आहे आणि ते कोणाला कळू नये म्हणून ओठ घट्ट मिटून घेतलेले आहेत.

एस्सेल वर्ल्ड १९८९ मध्ये सुरू झाले आणि २०२२ मध्ये बंद झाले. आम्हा नाशिकच्या मुलांना आकाशपाळणा ठाऊक होता तो नवरात्रातील कालिका यात्रेमुळे किंवा डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावर भरणाऱ्या प्रदर्शनांमुळे. काही दिवसांनी सारे पाळणे उठून जायचे आणि मैदानात खुंट्यांची भोके तेवढी राहायची. पाळणे कायमचे एका जागी उभे असतात, आपण केव्हाही जावे आणि ते तिथे असावेत, ही कल्पनाच आमच्यासाठी नवी होती. कदाचित म्हणूनच लेकीला तिथे नेण्याचे मी वर्षानुवर्षे पुढे ढकलत राहिले. आता ती बारा वर्षांची आहे, आणि छायाचित्र पाहून ‘आपण कधी जायचे?’ असे तिने विचारले तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते.

माझे दोन प्रश्न आहेत. इतक्या माणसांची माया असलेली ही ठिकाणे का टिकत नाहीत? आणि ती टिकणारच नसतील, तर त्यांचे नेमके काय जपून ठेवावे?

उत्तर : सातपूरचा फिटर

ताई, मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी केली. यात्रेच्या दिवसांत रजा घेऊन पाळणे उभारणाऱ्या माझ्या मामांच्या हाताखाली काम करत असे, म्हणून यंत्रांच्या बाजूने सांगतो.

बंद पडलेले यंत्र चालत्या यंत्रापेक्षा लवकर मरते. जत्रेत ज्याला आपण कोलंबस म्हणतो, त्या झुलत्या जहाजाच्या पोटाखाली मोटारीवर फिरणारे रबरी टायर असते. ते जहाजाच्या गोल तळाला घासून त्याला रेटा देते आणि प्रत्येक झोक्याला योग्य क्षणी दिलेल्या रेट्यामुळे जहाज वर वर चढत जाते. हे जहाज महिनोन्महिने उभे राहिले तर रबर कडक होऊन त्याला भेगा पडतात, बेअरिंगमधले ग्रीस सुकते आणि एकाच जागी भार राहिल्याने गोळ्यांचे व्रण उठतात. डॅशिंग कारचे तसेच आहे. गाडीच्या मागच्या दांड्याचे टोक छताच्या जाळीला टेकलेले असते, वीज जाळीतून खाली येऊन लोखंडी फरशीतून परत जाते, आणि ती निळी ठिणगी व तो जळका वास तिथलाच असतो. जाळी गंजली की गाडी जागची हलत नाही. गोराईसारख्या खाडीकाठच्या खाऱ्या हवेत तर लोखंडाला एक पावसाळासुद्धा पुरतो.

यात्रेतला पाळणा मात्र टिकतो, कारण प्रत्येक मुक्कामाला तो सुटा होतो, त्याची प्रत्येक पिन माणसाच्या हातातून जाते आणि झिजलेली पिन तिथल्या तिथे बदलली जाते. उद्यानातील पाळणा काँक्रीटमध्ये रोवलेला असतो. त्याला दुसरे गाव नसते. जॉर्ज फेरिस यांचे पहिले प्रचंड चाक १८९३ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात उभे राहिले. २६४ फूट उंच, ३६ डबे आणि एकेका डब्यात साठ माणसांची सोय असलेले ते चाक पुढे दोनदा हलवले गेले, पण शेवटी १९०६ मध्ये सुरुंग लावून पाडले आणि भंगारात गेले. जगातल्या पहिल्या प्रचंड चाकाची ही गत, तर इतरांचे काय सांगावे.

दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की लोखंडामागे लागू नका, चालवणाऱ्या माणसाला गाठा. आमचे मामा चाक भरताना सलग डबे कधीच भरत नसत. एक डबा भरला की चाक अर्धे फिरवून समोरचा भरायचा, कारण जड बाजू खाली ओढते. चालू चाकाखाली उभे राहून नुसत्या आवाजावरून ते कोणत्या पाळण्याचा बुश (दांडा ज्यात फिरतो ती कडी) झिजला आहे हे सांगत. हे कोठेही लिहिलेले नाही. मामा गेले, आणि मी त्यांना विचारून ठेवले नाही याचे मला आजही वाईट वाटते.

उत्तर : हिशेबनीस, गंगापूर रस्ता

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे जमिनीत आहे. शहराबाहेर स्वस्तात मिळालेल्या जागेभोवती वस्ती वाढते आणि त्याच जागेचे मोल पाळण्यांच्या कमाईपेक्षा कितीतरी जास्त होते. दिल्लीचे अप्पू घर हे उद्यान १९८४ मध्ये सुरू झाले. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांचे बोधचिन्ह असलेल्या अप्पू हत्तीचे नाव त्याला दिले होते. ते २००८ मध्ये बंद झाले. लोकांनी पाठ फिरवली म्हणून ते गेले नाही, तर प्रगती मैदानाजवळची ती जागा सर्वोच्च न्यायालयाच्या विस्तारासाठी हवी होती.

बाकीचा भार हळूहळू वाढत जातो. पावसाळ्यात आणि परीक्षांच्या दिवसांत उत्पन्न आटते, पण वीजजोडणीचा स्थिर आकार आणि कामगारांचे पगार चालूच राहतात. वस्तू व सेवा कर आला तेव्हा, जुलै २०१७ मध्ये, या उद्यानांच्या प्रवेशावर २८ टक्के कर होता. जानेवारी २०१८ मध्ये तो १८ टक्के झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी मार्च २०२० उजाडला आणि कोविडची टाळेबंदी आली.

उत्तर : छायाचित्रवेडा

माझे वय चोवीस आहे, त्यामुळे आपण म्हणता ती सहल मला मिळाली नाही. मला या विषयाची ओढ लागली ती उजाड उद्यानांच्या छायाचित्रांमुळे. जपानमधील नारा ड्रीमलँड १९६१ मध्ये सुरू होऊन २००६ मध्ये बंद झाले आणि २०१६ मध्ये पाडकाम सुरू होईपर्यंत तसेच उभे होते. लाकडी रोलर कोस्टरवर चढलेल्या वेली पाहताना मी तासन्‌तास हरवून जातो. युक्रेनमधील प्रिप्यात येथील पिवळे चाकही तसेच आहे. मला वाटते, अशी छायाचित्रे काढून ठेवणे हेच खरे जतन आहे. फिटर काकांचे म्हणणे मला पटते, पण माणसांच्या आठवणी बदलत जातात आणि छायाचित्र बदलत नाही.

उत्तर : निवृत्त शिक्षिका, नाशिक रोड

बाळा, तुझी ओढ मी समजू शकते, पण प्रिप्यातचे चाक या यादीत घालू नकोस. त्या उद्यानाचे उद्घाटन १ मे १९८६ रोजी व्हायचे होते आणि शेजारच्या चेर्नोबिल अणुवीज केंद्रातला अपघात २६ एप्रिलला झाला. तिथे कोणाची सहल गेली नाही, कोणाचा पाळण्यातला नंबर हुकला नाही, म्हणून तिथे हुरहुर वाटण्याजोगे काही नाही. तिथे फक्त दुःख आहे. गंजलेल्या चाकाचे छायाचित्र शेवट दाखवते. त्याआधीची वर्षे, जशी एस्सेल वर्ल्डची तेहतीस, त्यात दिसत नाहीत, आणि पंचवटीकर ताई विचारत आहेत ते त्या वर्षांबद्दल.

मी अनेकदा गोराईला सहली नेल्या, म्हणून मनगटावरच्या आकड्याविषयी सांगते. रात्री तीन वाजता मुले शाळेच्या फाटकाशी जमत. कसारा घाटात निम्मी मुले झोपलेली आणि उरलेल्यांना मळमळत असे, त्यामुळे आम्ही लिंबू व आवळासुपारी हाताशी ठेवत असू. बोरिवलीच्या धक्क्यावर होडीत चढण्यापूर्वी प्रत्येकाच्या मनगटावर हजेरीतील क्रमांक लिहायचा. तो केवळ मोजणीसाठी नसे. सतराने सोळा आणि अठराकडे लक्ष ठेवायचे आणि त्यांनी सतराकडे, असा नियम होता, कारण साठ मुलांवर तीन शिक्षकांचे डोळे पुरत नसत. परतीच्या होडीत मुले ओळीने आपापले आकडे उच्चारत, आणि शेवटचा आकडा ऐकू येईपर्यंत माझ्या छातीत धडधड होत असे. पाळण्यात मी स्वतः क्वचितच बसले. माझ्यासाठी एस्सेल वर्ल्ड म्हणजे ती मोजणी होती.

तेव्हा ताई, छायाचित्रामागे त्या दिवसाचा तपशील लिहा: किती वाजता निघालात, डब्यात काय होते, कोण घाबरले, कोणी हात धरला. आणि सोळा व अठरा कोण होत्या, ते आधी शोधा.

पंचवटीकर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. बाई, आपले उत्तर वाचल्यावर मी छायाचित्र भिंगाखाली धरले. माझ्या खांद्यावर जो हात आहे, त्याच्या मनगटावर १८ आहे. ती सध्या सिन्नरला असते. सात-आठ वर्षांत आमचे बोलणे झाले नव्हते. काल रात्री दूरध्वनी केला. तिने सांगितले की रांगेत मी तीन वेळा मागे फिरले होते आणि तिसऱ्या वेळी तिने माझे दप्तर आपल्या गळ्यात अडकवून घेतले, म्हणजे मला परत जाता येऊ नये. मला यातले काहीही आठवत नव्हते. ती बोलत असताना लेकीने ते छायाचित्राच्या मागे पेन्सिलीने लिहून घेतले आहे. सोळा क्रमांकाची मैत्रीण लग्नानंतर बडोद्याला गेली, एवढेच आम्हा दोघींना ठाऊक आहे. तिचा शोध चालू आहे.

फिटर काका, येत्या नवरात्रात कालिका यात्रेत चाक उभे राहत असताना आम्हा मायलेकींना आपल्यासोबत यायचे आहे. चाक कसे भरतात ते लेकीला आपल्या तोंडून ऐकायचे आहे, आणि ती वही घेऊन येणार आहे.