मदत हवी आहे: स्टोमा (आतड्याचे पोटावर काढलेले तोंड) असलेल्या नवजात बाळाच्या रिफीडिंगबाबत प्रत्यक्ष अनुभव

नमस्कार. मी जिल्ह्याच्या ठिकाणी एनआयसीयूमध्ये (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) परिचारिका आहे. आमच्याकडील एका अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे नेक्रोटायझिंग एंटेरोकोलायटिसमुळे (आतड्याला सूज येऊन त्याचा भाग निकामी होण्याच्या आजारामुळे) ऑपरेशन झाले असून, आतड्याचा निकामी भाग काढून दोन्ही टोके पोटावर बाहेर आणली आहेत. नळीने आईचे दूध सुरू आहे. पोट फुगत नाही, हिरवी उलटीही नाही. मात्र दुधाचे प्रमाण वाढवले की स्टोमावर लावलेल्या पिशवीत पातळ, पिवळे पाणी भराभर जमते आणि दिवसाला किलोमागे ३० मिलीच्या वर गेले की वाढ थांबवावी लागते. वजन वाढत नव्हते, तेव्हा डॉक्टरांनी लघवीतील सोडियम तपासले. ते फारच कमी निघाले, म्हणून तोंडावाटे सोडियम दिले आणि त्यानंतर वजन थोडे सरकले. रक्तातील सोडियम ठीक असले तरी शरीरात त्याची तूट असू शकते, हे अशा बाळांच्या बाबतीत ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

टीपीएन (शिरेतून दिले जाणारे पोषण) लांबल्याने बाळाची कावीळ वाढत आहे. म्हणून वरच्या टोकातून आलेला स्राव खालच्या टोकातून हळूहळू आत सोडावा, म्हणजेच रिफीडिंग करावे, असे सर्जननी सुचवले आहे. यामुळे पाणी व क्षार शोषले जातात आणि वापरात नसलेले खालचे आतडे आकसत नाही. खाली कुठे अडथळा नाही, याची खात्री डाय घालून काढलेल्या एक्स-रेने केली आहे. निर्णय डॉक्टरांचाच आहे. माझे प्रश्न हाताच्या कामाचे आहेत.

नाजूक आतड्याला इजा न होता मऊ नळी जागेवर कशी ठेवता? सिरिंज पंपात दाट भाग अडकल्यास काय करता? पिशवीतील स्राव किती वेळात वापरता? खालच्या टोकाभोवती गळती होऊन त्वचा सोलवटते, तिथे कोणता लेप टिकतो?

बाळाची आई दूध काढून आणते, पिशवीकडे पाहते आणि "सिस्टर, माझंच दूध बाधतंय का?" असे विचारते. तिचे दूधच बाळाला सर्वांत चांगले आहे, हे आम्ही तिला पुन्हा पुन्हा सांगतो, पण काळजीने तिचे दूध कमी होऊ लागले आहे. मुंबईत शीवच्या रुग्णालयात १९८९ पासून दूधपेढी (मातांनी दान केलेले दूध साठवून गरजू बाळांना देणारी सोय) आहे, तशी सोय आमच्याकडे नाही. दूधपेढी नसलेल्या ठिकाणी तुम्ही अशा मातांना दूध टिकवण्यासाठी कशी मदत करता, तेही कृपया लिहावे.